दुसऱ्या घरातून आलेला पोपट: माझा अनुभव

आमच्याकडे आला तेव्हा हा आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट नऊ वर्षांचा होता. आधीच्या घरात त्याला वेळ देणारं कुणी उरलं नव्हतं. पहिले तीन दिवस तो जेमतेम खायचा, जवळ गेलं की गुरगुरायचा आणि छातीवरची पिसं उपटायचा.

चूक माझी होती. कौतुकापोटी मी त्याला नव्या पिंजऱ्यात घालून हॉलच्या मधोमध ठेवलं होतं. चारही बाजूंनी माणसं, बिचाऱ्याने पाठ कुठे करायची? मग त्याचा जुना, ओरखडे पडलेला पिंजराच परत काढला आणि कोपऱ्यात, दोन भिंतींना लागून ठेवला. ओळखीचं तेवढंच तर त्याच्याकडे उरलं होतं. रात्री 11 तास अंधार आणि शांतता.

हात आत घालणं पूर्ण बंद केलं. रोज शेजारी बसून, त्याच्याकडे थेट न बघता, हळू आवाजात पेपर वाचायचे. उठताना वाटीत बदामाचा एक तुकडा. तो आक्रसला, पिसं अंगाला घट्ट चिकटली, की मी मागे सरकायचे. बाराव्या दिवशी त्याने तुकडा माझ्या बोटांतून घेतला. मला रडूच आलं.

पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. पक्षी दुखणं लपवतात. म्हणून मी रोज सकाळी त्याचं वजन करते. नॉनस्टिक भांडी घरातून काढली, कारण त्यांच्यावरचा लेप फार तापला की निघणारा वायू पोपटाचा जीव घेतो.

छातीवर आता राखाडी लव दिसते. काल त्याने जुन्या घरातली शिट्टी पहिल्यांदा वाजवली.