जनुक एक, पेशी अनेक: फायब्रोसिसचा प्रयोग मांडताना

अख्ख्या उंदरातून जनुक काढलं आणि फुप्फुसाचा फायब्रोसिस (म्हणजे कोलॅजन हे प्रथिन साचून फुप्फुस कडक होणं) कमी झाला, की आमच्याकडची नवी मुलं लगेच पोस्टर करायला बसतात. मी विचारते, कुठल्या पेशीमुळे कमी झाला?

टीजीएफबीआर२ घ्या, म्हणजे फायब्रोसिसला चालना देणाऱ्या टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाचा पेशीवरचा रिसेप्टर. तो सगळीकडून काढला तर पिल्लू गर्भातच मरतं. मग क्रे-लॉक्सशिवाय गत्यंतर नाही: जनुकाच्या दोन्ही बाजूंना लॉक्स खुणा असतात, आणि क्रे हे एन्झाइम ते ठरावीक पेशींतच कापून काढतं. टाइप-२ पेशींसाठी (वायुकोशांच्या अस्तरातल्या पेशी) एसएफटीपीसी-क्रेईआरटी२ ही उंदरांची जात घ्या, फायब्रोब्लास्टसाठी (कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) कॉल१ए२-क्रेईआरटी. मॅक्रोफेज या भक्षक पेशींसाठी सगळे डोळे मिटून लायसोझाइम-एम-क्रे उचलतात, पण तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये चालतो आणि काही टाइप-२ पेशींतही. त्यामुळे आधी टीडीटोमॅटो रिपोर्टर उंदराशी (क्रे चालली त्या पेशी ज्यात लाल चमकतात) संकर करून लाल रंग कुठे कुठे दिसतो ते बघा. मी तरी हे केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

क्रेईआरटी जागं करायला टॅमॉक्सिफेन हे औषध द्यावं लागतं, आणि ते स्वतःच फायब्रोसिसवर परिणाम करतं. म्हणून ते कंट्रोललाही द्या, आणि नंतर दोनेक आठवडे थांबा. कंट्रोल त्याच वेतातले हवेत, आणि क्रे असलेले पण लॉक्स नसलेलेही थोडे ठेवा.

नीतिसमितीची मंजुरी हातात आली की ब्लिओमायसिन, म्हणजे फुप्फुसाला इजा करून फायब्रोसिस घडवणारं औषध. सी५७ब्लॅक/६ जात वापरा, बाल्ब/सीला फारसा फायब्रोसिस होत नाही. बेशुद्ध उंदीर पुढच्या दातांवर तिरका टांगायचा, चिमट्याने जीभ बाहेर ओढून धरायची, घशाच्या मागे ५० मायक्रोलिटरचा थेंब सोडायचा आणि नाक दाबायचं. थेंब आत ओढल्याचा बारीक आवाज येतो. तो येईपर्यंत जीभ सोडायची नाही, नाहीतर औषध पोटात जातं आणि तुम्ही तीन आठवडे ठणठणीत उंदीर सांभाळत बसता. वजन रोज घ्या. नर जास्त खंगतात, म्हणून नर-मादीचे आकडे वेगळे मांडा.

२१व्या दिवशी डावं फुप्फुस फॉर्मॅलिनने फुगवून मॅसन ट्रायक्रोमला (कोलॅजन निळं दाखवणारं रंजन), उजवं हायड्रॉक्सीप्रोलिनला (कोलॅजनमधलं अमिनो आम्ल, त्यावरून कोलॅजन मोजतात). निळा रंग डोळ्यांना फसवतो. माझा भरवसा हायड्रॉक्सीप्रोलिनवर.

आता अर्थ लावणं. टीजीएफबीआर२ हा रिसेप्टर फुप्फुसाच्या एपिथेलियममधून (आतल्या अस्तरातून) काढला तरी ब्लिओमायसिननंतरचा फायब्रोसिस कमी होतो, हे प्रसिद्ध झालेलं आहे. कोलॅजन ओतणारे मायोफायब्रोब्लास्ट (सक्रिय झालेले फायब्रोब्लास्ट), मग एपिथेलियमचा काय संबंध? टीजीएफ-बीटा ऐकून जखमी एपिथेलियम शेजाऱ्यांना काय कळवतं, तिथेच शोधायला हवं. त्यासाठी एपिथेलियम आणि फायब्रोब्लास्ट अशा दोन्ही पेशी सॉर्ट करून (वेगवेगळ्या काढून) त्यांचं आरएनए वेगवेगळं वाचा, आणि त्याच नमुन्यात जनुक खरंच गेलंय का तेही तपासा. निम्म्याच पेशींतून गेलं असेल, तर 'परिणाम नाही' हा निकाल कुणाला दाखवू नका.