ड्रायसूटमध्ये शिसं किती लावायचं अन् कुठं लावायचं

तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकलेले आपल्या भंडारा-गोंदियाकडचे पोट्टे आता आइसलँडच्या सिल्फ्रा नावाच्या पाण्यातल्या भेगेचे व्हिडिओ पाहून राहिले, कोणाला स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोची बुडालेली जहाजं पाहायची आहेत, अन् सगळ्यांचा प्रश्न एकच, भाऊ ड्रायसूटमध्ये वजन किती लावतो तू? ड्रायसूट म्हणजे थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणारा सूट, त्यातल्या हवेनं माणूस तरंगते, म्हणून खाली जायला शिशाचं वजन लावतात. आता माझा आकडा तुमच्या काय कामाचा, तुमचं अंग वेगळं, अंडरसूट (आतून घालायचा गरम कपडा) वेगळा, सिलेंडर वेगळं. आकडा काढायची पद्धत सांगतो. पण आधी ड्रायसूटचा कोर्स करा, हे वाचून कोणी एकटं पाण्यात उतरू नका.

शिसं जास्त झालं तर काय बिघडते ते पहिले समजून घ्या, कारण नवीन माणूस "चार किलो जास्त असलेलं बरं, खाली तरी जाईन" असाच विचार करते. १० मीटरवर दाब दुप्पट होते, सूटमधली हवा आकसून निम्मी होते अन् कापड अंगाला चिमटे काढते, म्हणून छातीवरच्या बटणानं थोडी हवा आत घ्यायची असते, बस इतकीच. पण ३ किलो शिसं जास्त असलं की ते पेलायला ३ लिटर हवा जास्तीची लागते, ती सूटमध्ये ठेवा नाहीतर बीसीडीत (तरंगणं कमी-जास्त करायच्या हवेच्या जॅकेटात), ठेवावी तर लागणारच, अन् सूटमधली हवा एका जागी बसत नाही. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर खड्ड्यात जसा डुलते तशी ती खांद्यापासून पायापर्यंत पळते. वर येताना तीच हवा फुगते अन् तुम्हाला घेऊन वर सुटते. म्हणजे शिसं जास्त लावून माणूस बुडतेच असं नाही, उलट वर फेकल्या जाऊ शकते.

वजन बरोबर आहे का हे पाण्यात उतरून पाहायची टेस्ट कुठं अन् कधी करायची? मे महिन्यात नाव पण काढू नका, पारा ४५ च्या वर असते अन् ड्रायसूटवाल्याला काठावर उभ्या उभ्याच चक्कर येते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा, आधी बाकी सगळं सामान काठावर मांडून ठेवा अन् सूटची चेन शेवटी लावा. गरम होते म्हणून पातळ अंडरसूट घालावासा वाटेल, तो घालू नका. पातळ तीन-थरी कापडाच्या (ट्रायलॅमिनेट) सूटमध्ये तुम्हाला तरंगवते ती अंडरसूटमध्ये अडकलेली हवा, त्यामुळे थंड पाण्यात जो घालणार तोच घालून टेस्ट करायची, नाहीतर आकडा फुकट. विहीर नको, निघायला जागा नसते. मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) चालते, पण तिथल्या ढिवर (मासेमार) लोकांना आधी विचारा की जाळी कुठं टाकली आहे, गढूळ पाण्यात जाळं दिसत नाही अन् पायातली फिन त्यातच गुंतते. सिलेंडर श्वासाच्या हवेसाठी तपासलेल्या कॉम्प्रेसरवरच भरून आणा, पंक्चरवाल्याकडून नाही, हसू नका, हे मला विचारलेलं आहे लोकांनी.

आता टेस्ट. सिलेंडरमध्ये ५० बारच (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ठेवा. छातीइतक्या पाण्यात खाली बसा, मान बाहेर, गळ्याच्या सीलमध्ये एक बोट घालून सूटमधली हवा फुसकन काढून टाका. मंग पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात जा, डाव्या दंडावरचा हवा सोडायचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, डावं कोपर वर, बीसीडी रिकामं, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात. पायाची आढी मारा, कारण माणूस नकळत पाय मारत राहते अन् मंग म्हणते मी तरंगून राहिलो. साधा श्वास घेऊन क्षणभर थांबलं की पाणी डोळ्याजवळ यायला पाहिजे, अन् श्वास सोडला की हळूहळू खाली. बडीनं (सोबतच्या डायव्हरनं) अर्ध्या अर्ध्या किलोचे तुकडे देत जायचे नाहीतर काढत जायचे. शिशावर २ किलो लिहिलं असलं तरी एकदा ताणकाट्याला लावून पहा, वरचा आकडा खरा असतेच असं नाही.

हे झालं की ३ मीटरवर जा, तिथं खरी परीक्षा. बीसीडी रिकामं, सूटमध्ये चिमटे बसणार नाहीत इतकीच हवा, अन् दोन-तीन मिनिटं पाय न मारता तिथंच थांबता आलं पाहिजे. वर जाऊन राहिले तर अर्धा-एक किलो वाढवा. जवळपास रिकाम्या सिलेंडरवर टेस्ट काहून? तर १२ लिटरच्या सिलेंडरमध्ये २०० बारला २४०० लिटर हवा असते, तिचं वजन जवळपास ३ किलो. २०० वरून ५० बारवर आले की त्यातले २ किलोच्या वर संपलेले असतात, अन् शेवटचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधी उथळ पाण्यात थोडा वेळ थांबणं) तुम्हाला त्याच हलक्या सिलेंडरवर करायचा असते. भरल्या सिलेंडरवर टेस्ट केली तर निघालेल्या आकड्यात २ किलो वाढवून धरा.

तलावाचा आकडा सिल्फ्राला बऱ्यापैकी जुळते, तिथलं पाणी २ ते ४ डिग्री पण गोडंच आहे. स्कापा फ्लो म्हणजे समुद्र. खारं पाणी अडीच टक्के जड, तुम्ही अन् सामान मिळून ११० किलो असाल तर पावणेतीन किलोच्या आसपास वाढवा. सिलेंडर बदललं तर परत टेस्ट, ॲल्युमिनियमचं रिकामं झालं की तरंगते, स्टीलचं नाही.

आता ट्रिम, म्हणजे पाण्यात अंग आडवं सपाट राहणं. यासाठी स्विमिंग पूल बरा, तलावात मोबाईलला काही दिसत नाही. पोटावर आडवे व्हा, गुडघे वाकवा, हात समोर, अन् सगळं हलवणं बंद करा. बडीला बाजूनं व्हिडिओ घ्यायला लावा. पाय खाली जाऊन राहिले तर कमरेचं थोडं शिसं वर, सिलेंडरच्या वरच्या पट्ट्यावर न्या. डोकं खाली जाऊन राहिलं तर सिलेंडर २-३ सेंटीमीटर खाली सरकवा. सगळं शिसं कमरेला बांधायची सवय लय वाईट, कंबर दुखते अन् मधातून वाकते माणूस. थोडं कमरेला, थोडं पाठीच्या स्टील प्लेटमध्ये, थोडं वर. पण काही शिसं गरज पडली तर सोडता येईल असं ठेवा, सगळं मात्र एका झटक्यात सुटलं नाही पाहिजे.

पाय वर पळून राहिले तर लोक लगेच घोट्याला शिसं बांधतात. मी ते शेवटचा उपाय मानतो, प्रत्येक किकला ते वजन ओढावं लागते. आधी पहा बूट मोठे तर नाहीत, ढिल्या बुटात हवा जाऊन बसते. मंग पिंडरीवर गेटर (सूट आवळून धरणारं कव्हर) लावा, रबरी जड फिन्स वापरून पहा. तरी पाण्यात कधी पाय वर गेलेच तर गुडघे छातीशी घ्या, गोळा होऊन पलटी मारा, डोकं वर आलं की लगेच डावं कोपर उचलून हवा सोडा. हे इन्स्ट्रक्टरसोबत उथळ पाण्यात इतकं करा की विचार करावा लागला नाही पाहिजे.

निघालेला आकडा वहीत लिहा, सोबत अंडरसूट कोणता, सिलेंडर कोणतं, पाणी गोडं का खारं. अन् सूट सावलीत वाळवा, गच्चीवर नाही, आपल्याकडच्या उन्हात लेटेक्सचे सील लवकर चिकट होऊन फाटतात.