छोट्या लग्नात डीजेनं कार्यक्रमाची लय कशी सांभाळावी

पाचशे पाहुण्यांच्या लग्नात पन्नास जण नाचायला उठले तरी रंग भरतो. चाळीस पाहुण्यांच्या लग्नात मात्र आठ जण एकदम पाणी प्यायला गेले की नाचाची जागा ओस पडते आणि ते सगळ्यांच्या लक्षात येतं. अशा लग्नात गाण्यांइतकेच दोन प्रसंगांमधले सांधे जपावे लागतात. जोडप्याचं आगमन झाल्यावर लोक बसेपर्यंत, भाषण संपून ताटं येईपर्यंत, जेवण उरकून पहिली पावलं थिरकेपर्यंत. कार्यक्रम रेंगाळतो तो इथंच, म्हणून तयारीचा मोठा वाटा या सांध्यांसाठी ठेवा.

आधी जोडप्याशी बोला

लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी दोघांना एकत्र भेटा. हवीच असलेली दहा-बारा गाणी मागा, त्याहून जास्त नकोत. एक गाणं साधारण साडेतीन-चार मिनिटांचं धरलं, तर तासाभरात पंधरा-सतराच गाणी बसतात. साठ गाण्यांची यादी हातात आली, की समोरची माणसं बघून गाणं निवडायला जागाच उरत नाही.

नको असलेल्या गाण्यांची यादी मला याहून महत्त्वाची वाटते. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, आईवडील वेगळे राहत असतील, एखाद्या गाण्याशी जुनी दुखरी आठवण जोडलेली असेल, तर ते आधी कळायला हवं. चाळीस माणसांत कुणाचा चेहरा पडला तर तो लपत नाही. ज्यांची नावं माइकवर घ्यायची आहेत ती सगळी जोडप्याकडून एकदा म्हणवून घ्या आणि जशी ऐकली तशी लिहून ठेवा.

वेळापत्रक लिहा, त्यात मोकळी जागा ठेवा

एका कागदावर वेळ, प्रसंग, गाणं आणि इशारा कोण करणार, एवढं लिहा. त्याची प्रत फोटोग्राफरला आणि जेवणाची व्यवस्था बघणाऱ्याला द्या. कॅमेरा तयार नसताना आगमनाचं गाणं सुरू झालं, तर तो क्षण हातचा जातो. दर मोठ्या प्रसंगानंतर दहा मिनिटं मोकळी धरा.

आगमनाचं गाणं निवडताना अंतर मोजा. छोट्या हॉलमध्ये दारापासून जोडप्याच्या जागेपर्यंत पंधरा मीटर असतील, तर सावकाश चालत अर्धा मिनिट लागतो. गाण्याची सुरुवातच चाळीस सेकंदांची असेल तर दोघं बसली तरी मुखडा आलेला नसेल. हवा तो भाग आधीच ठरवून तिथून सुरू करा आणि ओळ पूर्ण झाल्यावरच आवाज उतरवा. 120 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांच्या, चार मात्रांच्या गाण्यात एक आवर्तन दोन सेकंदांचं असतं, म्हणजे आठ आवर्तनांचा टप्पा 16 सेकंदांत पुरा होतो. हा हिशोब डोक्यात असला की गाणं मध्येच तुटत नाही.

जागा आणि माइक

स्पीकर स्टँडवर, डोक्याच्या उंचीपेक्षा थोडे वर लावा आणि तोंडं नाचाच्या जागेकडे करा. वयस्कर मंडळींची टेबलं त्यांच्या माऱ्यातून दूर हवीत. नाचाची जागा मुद्दाम आवळा. वीस जणांना चार बाय चार मीटर पुरतात, आणि भरलेली जागा आणखी लोकांना ओढते. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि माणसं आली की बसतो, त्यामुळे पाहुणे जमल्यावर पुन्हा एकदा कानानं तपासा.

माइक बिघडला तर कितीही चांगली गाणी उपयोगाची नाहीत, कारण भाषणं हाच छोट्या लग्नाचा गाभा असतो. बॅटरी नवी घाला. बोलणारा स्पीकरच्या मागच्या बाजूला उभा राहील असं बघा, नाहीतर माइक शिट्टी मारतो. सुमारे 100 हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला, आवाज माइकच्या चॅनेलवर कापा, म्हणजे घरघर जाते. जो बोलणार आहे त्याला हळूच सांगा, की माइक तोंडाजवळ धरा आणि वरची जाळी हातानं झाकू नका. सगळी गाणी ऑफलाइन ठेवा, तीच यादी दुसऱ्या यंत्रावरही हवी. फोनवरून वाजवत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका.

जेवताना आवाज कमी

गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे मांडलं आणि आजही त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. डीजेनं आवाज चढवला की पाहुणे ओरडू लागतात, मग संगीत ऐकू येत नाही म्हणून डीजे आणखी चढवतो. जेवताना टेबलापलीकडच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता आलं पाहिजे, एवढीच कसोटी लावा.

नाच सुरू करणं

सगळ्यांना एकदम बोलावू नका. आधी जोडपं, मग घरची मंडळी, मग बाकीचे. पहिलं सार्वजनिक गाणं आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं आणि 100 ते 115 बीपीएमच्या आसपासचं असावं. तिथून तीन-चार गाण्यांत 125 पर्यंत चढा. गर्दी विरळ झाली की सगळ्यात वेगवान गाणं लावायचा मोह होतो, पण दमलेल्या पायांना वेग नको असतो. काळ बदलून बघा, जुनं गाणं लावा.

नजर बसलेल्यांवर ठेवा. ज्याचा गुडघा हलतोय, जी ओठांनी ओळी म्हणतेय, ती पुढची नाचणारी माणसं. त्यांच्या वयाचं गाणं लावलं की ती उठतात. पाऊण तासानं एक संथ गाणं मुद्दाम द्या, लोकांना दम घेता येतो.

आवाजाची मर्यादा पाळा. कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला आठ तास ठीक असतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एकच तास, 100 ला पंधरा मिनिटं. फोनवरच्या ॲपवर ढोबळ अंदाज येतो.

शेवट

शेवटचं गाणं जोडप्यानं ठरवावं आणि त्याआधी दोन गाणी असतानाच ते जाहीर करावं. नाचणारे निम्म्यावर येण्याची वाट बघू नका. ठरलेल्या वेळेला वीस मिनिटं बाकी असली तरी जागा भरलेली असताना शेवटचं गाणं लावा. त्यानंतर केबल गुंडाळायची घाई नको. पंधरा मिनिटं हलकं संगीत चालू ठेवा आणि माइकही चालू राहू द्या, कारण कुणाची तरी पर्स किंवा गाडीची किल्ली सापडत नसते.