शिलाई मशीन कारागिराकडे नेण्याआधी

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. बोथट, वाकलेल्या सुईच्या जागी नवी काही रुपयांत मिळते, तिच्यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे मोजू नका. कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतोय? कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा. पट्टी खाली असली की दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांत शिरतच नाही.

शटल (सुईखाली दोरा पकडून टाका घालणारा भाग) काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला बुरा ब्रशने काढा, तेलाच्या प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल तेल मुळीच नको! ते चिकट होऊन साकळतं, मग चाक जड फिरतं आणि अख्खं मशीन खोलावं लागतं.

नवी सुई घालूनही टाका सुटला, तर बहुधा शटलचं टोक घासलंय किंवा टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, हललंय. तिथे मात्र कारागिराला पैसे द्यावेत. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि तुमच्याच जाड-पातळ कापडावर शिवून बघा.