जिथे जुना कॅमेरा उभा होता: शहरातल्या बदलत्या जागा फुटेजमधून कशा दाखवाव्यात

शहर कसं बदललं हे दाखवणारे व्हिडिओ बहुतेक एकाच साच्यातले असतात. चौकाचं जुनं कृष्णधवल दृश्य, त्यात मिसळत येणारं आजचं रंगीत दृश्य आणि मागे हळवं संगीत. बघणारा ‘अरेच्चा!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. अशा जोडीत इमारती दिसतात, पण त्या चौकात माणसं काय करायची आणि आता काय करतात, ते निसटतं. मला विचाराल तर खरा बदल तिथेच आहे. कोण कुठे टेकतं, कोण रेंगाळतं, कोणाला रस्ता ओलांडायची धास्ती वाटते आणि कोण तिथून दिसेनासंच झालं, हे दिसायला हवं.

जागा एकच घ्या

संपूर्ण शहर हाती घेऊ नका. एक चौक, एक पूल, नदीकाठचा एक तुकडा किंवा एक बाग पुरेशी आहे. निवडताना फक्त एवढं बघा की त्या जागेचं वेगवेगळ्या काळातलं निदान तीन-चार वेळचं चित्रण मिळेल.

जुनं फुटेज शोधताना

फिल्म संग्रहांच्या यादीत जागेचं आजचं नाव टाकून फारसं काही हाती लागत नाही. नोंद ज्या काळात झाली, त्या काळचं नाव शोधा. प्रसंगांवरूनही शोधा: पूर, मिरवणूक, उद्घाटन, संप. समाचारपट, घरगुती फिती, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर चित्रित झालेल्या कथापटांची पार्श्वभूमी, या तिन्ही ठिकाणी माल असतो. १९६५ साली सुपर ८ फिल्म आल्यावर घरगुती चित्रण सोपं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या काळासाठी लोकांच्या माळ्यावरचे डबेही विचारून बघा. डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर फीत कुजायला लागलेली आहे. ती प्रोजेक्टरवर चढवू नका, स्कॅनिंगला द्या. ३५ मिलिमीटरची, १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची फीत नायट्रेटची असू शकते. ती भयंकर ज्वालाग्राही असते, तिला जाणकारानेच हात लावावा.

डबा ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच हक्क असतील असं नाही. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, अमेरिकेत जुन्या चित्रपटांसाठी ही मुदत ९५ वर्षांपर्यंत जाते. मोठे संग्रह आधी शिक्का मारलेली, कमी दर्जाची प्रत देतात. संपूर्ण संकलन त्या प्रतीवर करा आणि शेवटी जेवढे सेकंद खरोखर वापरलेत तेवढ्याचेच हक्क आणि चांगली प्रत घ्या. उलट क्रमाने गेलात तर न वापरलेल्या दृश्यांचेही पैसे भराल.

जुन्या फितीवर संशय घ्या

सॅन फ्रान्सिस्कोतल्या मार्केट स्ट्रीटचं, केबल कारच्या (रस्त्यावर रुळांवरून चालणाऱ्या गाडीच्या) पुढच्या भागातून घेतलेलं एक प्रसिद्ध चित्रण आहे. ते बरीच वर्षं १९०५ सालचं समजलं जाई. इतिहासकार डेव्हिड कीन यांनी मोटारींचे नोंदणी क्रमांक, रस्त्यावरचा ओलावा आणि त्या वेळची वर्तमानपत्रं ताडून दाखवलं, की ते एप्रिल १९०६मधल्या भूकंपाच्या काही दिवस आधीचं आहे. यात दुसरी गंमत म्हणजे नीट बघितलं तर त्याच त्या मोटारी वळसा घालून पुन:पुन्हा कॅमेऱ्यासमोरून जातात. फक्त या फितीवरून त्या रस्त्यावरच्या मोटारी मोजल्या तर आकडा फुगतो.

दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, सावल्या, कपडे यांवरून तारीख स्वतः पडताळा. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर फीत आरशासारखी उलट स्कॅन झाली आहे. पाटी नसलेल्या दृश्यात हे कळत नाही. मी एकदा असाच अर्धा दिवस चौकाच्या चुकीच्या कोपऱ्यावर काढला आहे.

फितीत काय नाही, त्याचीही नोंद ठेवा. कॅमेरा बहुधा मिरवणुकीला आणि पाहुण्यांसाठी बाहेर निघायचा. साध्या मंगळवारी दुपारी चार वाजता चौक कसा होता, हे क्वचितच सापडतं.

तीच जागा, तीच उंची

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या फ्रेममध्ये एकामागे एक आलेल्या, अजूनही उभ्या असलेल्या दोन गोष्टी शोधा, उदाहरणार्थ जवळच्या खांबाची कड आणि लांबच्या मनोऱ्याचा कोपरा. त्या तशाच एका रेषेत दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग अशी दुसरी जोडी घ्या. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे जुना कॅमेरा होता. उंचीसाठी गर्दीची डोकी बघा. सपाट जमिनीवर जवळची आणि लांबची डोकी एकाच आडव्या रेषेत असतील तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर होता. लांबची डोकी फ्रेममध्ये वर आणि जवळची खाली असतील तर तो गच्चीवर किंवा गाडीच्या टपावर होता. लेन्सचा विचार यानंतर करा. वस्तूंचं एकमेकांशी असलेलं नातं उभं राहण्याच्या जागेवरून ठरतं, लेन्सवरून फक्त चौकट ठरते.

सावल्याही जुळवता येतात. २१ जूनच्या जितके दिवस आधी सूर्य एखाद्या मार्गाने जातो, साधारण तितकेच दिवस नंतर पुन्हा त्याच मार्गाने जातो. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीचा दिवस हुकला तर सप्टेंबरची सुरुवात हाताशी असते.

मग थांबा

कॅमेरा स्थिर ठेवून एकेक शॉट निदान दहा मिनिटं चालू द्या. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि कामाच्या साध्या दिवशीही. शहरी जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मोकळ्या जागांवर असेच कॅमेरे लावले होते. त्यातून कळलं, की गप्पा मारायला थांबलेली माणसं कडेला न जाता वर्दळीच्या मधोमधच उभी राहतात, आणि हलवता येणारी खुर्ची दिसली की बसण्याआधी ती उगाच थोडी सरकवतात. असं काही दोन मिनिटांच्या शॉटमध्ये सापडत नाही.

दर खेपेला दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज वेगळा घ्या. चित्रीकरणाची परवानगी लागते का, हे आधी विचारा. लहान मुलांचे चेहरे जवळून घेऊ नका.

संकलन

हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम पडायच्या. त्या २४ किंवा २५च्या वेगाने चालवल्या की माणसं दुडदुडतात आणि प्रेक्षक हसतो. चाल स्वाभाविक वाटेल इतका वेग कमी करा. चौकोनी वाटणारं जुनं चित्र रुंद पडदा भरण्यासाठी वर-खाली कापू नका. कापलं की पाय आणि जमीन जाते, आणि आपला विषय तर जमीनच आहे. संगणकाने भरलेले रंग मला नको वाटतात. साडीचा किंवा ट्रामचा तो रंग खरा होता की यंत्राचा अंदाज, हे प्रेक्षकाला कळत नाही. भरायचेच असतील तर तसं पडद्यावर लिहा. मूक फितीवर चढवलेल्या टांग्यांच्या टापांनाही हाच नियम.

जुना शॉट अर्ध्यात तोडू नका. माणूस डावीकडून येऊन उजवीकडे बाहेर पडेपर्यंत तो चालू द्या. मग आजच्या शॉटमध्ये त्याच वाटेने कोणी जाताना दाखवा, किंवा ती वाट कुंपणाने अडलेली दाखवा. इथे साधा कट पुरतो.

आणि मधली वर्षं गाळू नका. दक्षिण कोरियाच्या सोल शहरातल्या चॉन्गेच्चन ओढ्याचं जुनं दृश्य आणि आजचं दृश्य एवढंच जोडलं तर ओढा तेव्हाही होता, आताही आहे, असं वाटेल. प्रत्यक्षात मधल्या काळात तो झाकला गेला, त्यावर उंच रस्ता उभा राहिला, तो रस्ता २००३पासून पाडला गेला आणि २००५मध्ये ओढा पुन्हा उघडा झाला. गोष्ट त्या मधल्या काळात आहे. मधल्या काळाचं फुटेज नसेल तर स्थिरचित्र किंवा नकाशा वापरा. तेही नसेल तर काळ्या पडद्यावर नुसतं साल लिहा.

शेवटचं काम: नोंद

तुमचं फुटेजही लवकरच जुनं होईल. प्रत्येक शॉटसोबत तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा, जमिनीपासूनची उंची, लेन्स आणि तोंड कोणत्या दिशेला होतं, हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा. कापलेल्या तुकड्यांबरोबर न कापलेले लांब शॉटही ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी. उभं राहिलात त्या जागेचाही एक फोटो काढा, ट्रायपॉडचे पाय दिसतील असा.