ईमेलचे हेडर वाचायला शिकताना: सोलापुरातील कामाचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील काही टॉवेल आणि चादर कारखान्यांचे संगणक, नेटवर्क आणि मेल सांभाळणे हे माझे काम आहे. या क्षेत्रात नव्याने येणारी मुले राउटर आणि सर्व्हर लवकर आत्मसात करतात. मात्र एखादा मेल खरा की खोटा असे विचारले, की ती शुद्धलेखन आणि लोगो पाहून उत्तर देतात. लोगो आणि मजकूर कोणालाही हुबेहूब उचलता येतो, म्हणून पडताळणी हेडरपासूनच, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या प्रवासाच्या आणि तपासण्यांच्या नोंदींपासूनच, सुरू करावी, असा माझा आग्रह असतो.

जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांखालील 'शो ओरिजिनल' निवडले की हेडर दिसते. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली 'रिसीव्हड' ओळ सर्वांत वर जोडत जातो, त्यामुळे मेलचा प्रवास खालून वर वाचावा लागतो. मात्र खालच्या ओळी पाठवणाऱ्याने स्वतःच रचलेल्या असू शकतात. खात्रीची असते ती आपल्या सर्व्हरने केलेली नोंद आणि तिच्यातला समोरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक). पाठवणाऱ्याच्या ओळखीच्या तपासण्यांचे निकाल देणाऱ्या 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' या ओळीचेही तसेच आहे. तिच्या सुरुवातीला आपल्याच मेलसेवेचे नाव नसेल, तर तिच्यातल्या 'पास'ला काहीच किंमत नाही.

मेल पोहोचवणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल 1982 मध्ये ठरला, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय त्यात नव्हती. ती पुढे तीन टप्प्यांनी आली. एसपीएफ पाहते, की पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता 'रिटर्न-पाथ'मधील (न पोहोचलेला मेल जिथे परत जातो त्या पत्त्यातील) डोमेनच्या, म्हणजे @ नंतरच्या नावाच्या, वतीने मेल पाठवण्यास अधिकृत आहे का. डीकिम ही डिजिटल सही असते आणि ती तपासण्याची सार्वजनिक किल्ली सही करणाऱ्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये, ठेवलेली असते. गोम अशी, की वाचणाऱ्याला पाठवणारा म्हणून दिसते ते 'फ्रॉम', आणि त्यातले डोमेन जुळते का, हे या दोन्ही तपासण्या पाहतच नाहीत. घोटाळेबाज स्वतःच्या डोमेनवर दोन्ही पास करून 'फ्रॉम'मध्ये दुसऱ्याचे नाव घालू शकतो. डीमार्क नेमके हेच पाहते: पास झालेले डोमेन आणि 'फ्रॉम'मधले डोमेन जुळते का. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल खात्यांना दिवसाला 5,000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गुगलने या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत.

म्हणून 'पास' दिसताच थांबू नये, कोणाच्या नावाने पास झाले ते वाचावे. एका कारखान्याला सुताच्या पुरवठादाराकडून मेल आला, की आमचे बँक खाते बदलले आहे, थकीत रक्कम नव्या खात्यात भरावी. इनव्हॉइस क्रमांक बरोबर होता, खालची सही नेहमीची होती, आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही पास होते. पुरवठादाराच्या डोमेनमध्ये 'यार्न' हा शब्द आहे. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी आले, की ते एमसारखे दिसतात. खोट्या डोमेनात तिथे खरोखरच एम होता. पत्ता नोटपॅडमध्ये घेऊन, अक्षरे मोठी करून जुन्या मेलमधल्या पत्त्याखाली ठेवला तेव्हा फरक स्पष्ट दिसला, आणि हूइज नोंदीत (डोमेन कधी घेतले हे दाखवणाऱ्या नोंदीत) ते डोमेन अगदी अलीकडे घेतलेले निघाले. पैसे वाचले, पण माझ्या मते काम तिथे संपत नव्हते. इनव्हॉइस क्रमांक घोटाळेबाजांना कळला, म्हणजे कारखाना आणि पुरवठादार यांपैकी कोणाची तरी मेलपेटी उघडी पडली असण्याची दाट शक्यता होती. म्हणून दोन्हीकडचे पासवर्ड बदलून, मेल परस्पर बाहेर पाठवणारे फॉरवर्डिंगचे नियम तपासायला लावले.

पुरवठादाराच्या खऱ्या खात्यातूनच चोराने मेल पाठवला, तर हेडरमध्ये काहीही वावगे सापडत नाही. खाते बदलण्याची सूचना आली, की आधीपासून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याखेरीज रक्कम सोडू नये, हे हिशेबनीसांना समजावणे मी आपल्या कामाचाच भाग मानतो.

उलट, 'फेल' म्हणजे स्पॅमच असेही समजू नये. मेल फॉरवर्ड झाला की मधल्या सर्व्हरचा आयपी मूळ डोमेनच्या यादीत नसल्याने एसपीएफ अनेकदा फेल होते. मजकूर न बदलल्यास डीकिम बहुधा टिकते. सरावासाठी आपल्याच बँकेचा खरा मेल घ्यावा, त्यातल्या डीकिम सहीचे डोमेन आणि सिलेक्टर (कोणती किल्ली वापरली ते सांगणारे नाव) शोधावेत आणि एनएसलूकअप या डीएनएसला विचारणाऱ्या आज्ञेने त्या किल्लीची टीएक्सटी नोंद, म्हणजे डीएनएसमधील मजकूररूपी नोंद, काढून पाहावी.

तक्रार करायची वेळ आली, तर संशयित मेल साधा फॉरवर्ड करून घेऊ नये, कारण त्यात मूळ हेडर राहत नाही. ईएमएल फाइल (हेडरसकट पूर्ण मेलची प्रत) उतरवून ठेवावी, मेलपेटीतली मूळ प्रत खोडू नये, आणि पैसे गेले असतील तर तत्काळ 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.