वायरिंगचं प्रॅक्टिकल: बल्ब लागला तरी मार्क जातात ते इथे

आयटीआयच्या वायरिंग प्रॅक्टिकलमध्ये बल्ब लागणं ही सर्वात सोपी गोष्ट. एका बाजूने फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि दुसऱ्या बाजूने न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, आली की बल्ब लागणारच. बटन फेजवर आहे की न्यूट्रलवर, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. परीक्षकांना असतं. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवते आणि परीक्षा जवळ आली की मुलांना एवढंच बजावते: चुकीच्या वायरिंगवरही बल्ब लागतो. तेव्हा तयारी करायची ती सप्लाय देण्याआधीच आपलं काम बरोबर आहे हे मल्टिमीटरवर दाखवता येण्याची. आणि प्रॅक्टिकलला पास व्हायला ६० टक्के लागतात हे विसरू नका, थिअरीसारखं ३३ वर भागत नाही.

गंमत म्हणजे यात जास्त अडकतात ती आधीपासून बाहेर कामाला जाणारी मुलं. कुणी काकांच्या हाताखाली, कुणी कॉन्ट्रॅक्टरकडे. हात चालतो, वायर झरझर ओढतात, पण साइटवर ‘लागलं ना? मग चल पुढे’ अशी सवय लागलेली असते. कधीच साइट न बघितलेली मुलगी निमूट कागद काढून बसते आणि यांच्या पुढे जाते.

तर आधी कागद. जॉब (परीक्षेतलं काम) हातात आला की पहिली पंधरा-वीस मिनिटं पक्कड उचलायचीच नाही. लेआउट काढा, त्याखाली वायरिंग डायग्राम काढा, फेज लाल पेनाने आणि न्यूट्रल काळ्याने. मग प्रत्येक वायरला नंबर द्या. वायर कापताना त्याच नंबरचा चिकटपट्टीचा तुकडा दोन्ही टोकांना लावायचा. केसिंगमध्ये (वायर घालायच्या पट्टीत) पाच-सहा वायर गेल्या आणि वर कॅपिंग (तिचं झाकण) बसलं की कुठली कुठे जाते ते डोळ्यांनी कळत नाही. तेव्हा हे नंबरच कामी येतात. सामानाची यादीही याच वेळी करा. किती मीटर वायर, किती बेंड, किती स्क्रू, कुठल्या मापाचे. स्टोअरमध्ये काळी वायर संपलेली असू शकते. मग न्यूट्रलला जी मिळेल ती वापरा, पण दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळा आणि परीक्षकांच्या कानावर आधीच घाला. हिरवी वायर मात्र अर्थिंगशिवाय कशालाही वापरायची नाही.

आता टू-वे, म्हणजे जिन्याचं वायरिंग: एक बल्ब, खाली-वर दोन बटनं. हे हमखास विचारतात, आणि मार्कही इथेच हमखास जातात. टू-वे बटनाला तीन टर्मिनल. मधलं कॉमन असतं असं धरून चालू नका; बटन मोकळं असतानाच मीटर बझरवर (दोन टोकं जोडलेली असली की आवाज देणाऱ्या सेटिंगवर) लावून कॉमन शोधा. बटन कसंही टाकलं तरी जो स्क्रू या ना त्या टर्मिनलशी आवाज देतो, तो कॉमन. पहिल्या बटनाच्या कॉमनला फेज, दुसऱ्याच्या कॉमनवरून होल्डरला वायर, आणि राहिलेली दोन-दोन टर्मिनलं एकमेकांना. दुसऱ्या बटनाचं कॉमन आणि शेजारचं टर्मिनल यांची अदलाबदल झाली तरी बल्ब लागतो, पण चारपैकी एकाच स्थितीत. मुलगा दोन-तीनदा बटनं दाबतो, बल्ब लागलेला बघतो आणि हात पुसतो. परीक्षक खालचं बटन बदलून वरचं दाबतात, आणि अंधार! चार स्थिती म्हणजे चारही बघायच्या: दोनमध्ये लागला पाहिजे, दोनमध्ये विझला पाहिजे, आणि कुठलंही एक बटन हलवलं की बदल झालाच पाहिजे.

याहून वाईट प्रकार म्हणजे वायर वाचवायला दोन्ही बटनांवर फेज आणि न्यूट्रल दोन्ही आणायचे आणि दोन कॉमनच्या मध्ये बल्ब टांगायचा. हे अगदी व्यवस्थित चालतं, चारही स्थितींत बरोबर. पण दोन्ही बटनं फेजकडे असली की बल्ब विझलेला आणि होल्डरच्या दोन्ही टर्मिनलांना २३० व्होल्ट. बल्ब बदलायला गेलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. परीक्षेत हे केलंत तर चालू बोर्डावरही मार्क जातील, आणि गेलेच पाहिजेत.

सॉकेटची गोष्ट छोटी आहे, पण चुकते खूप. थ्री-पिन सॉकेट समोरून बघितला की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. आपण वायर जोडतो मागून, म्हणजे उजवं-डावं उलटं होतं. पाठ केलेल्या उजव्या-डाव्याच्या नादी लागू नका. टर्मिनलवरचं अक्षर वाचा, एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल. चुडीच्या (आट्यांच्या) होल्डरला फेज मधल्या टिकलीला जातो, चुडीला नाही. का, ते व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारतात: बल्ब फिरवताना बोट चुडीला लागू शकतं.

जोडणीची सफाई परीक्षक जवळ येऊन बघतात, म्हणून घरी रोज थोडा वेळ एवढंच करा. दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर घ्या. टर्मिनलच्या भोकाएवढीच सोला. पक्कडीने सोलताना तारा तुटतात, आणि सातातल्या दोन तुटल्या तर ती वायर दीडची उरत नाही. तेवढा तुकडा कापून पुन्हा सोलायचा. तारा पिळून घ्या, भोक मोठं असेल तर टोक दुमडून जाड करा. स्क्रूखाली लूप घालायचा असेल तर स्क्रू आवळताना ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने, उलटा घातला तर आवळताना लूप उघडतो. आवळून झालं की दोन गोष्टी बघा: बाहेर तांबं दिसत नाही ना, आणि पीव्हीसीचं कव्हर स्क्रूखाली चेपलं नाही ना. मग वायर धरून जरा ओढा. परीक्षक ओढतातच. त्यांच्या हातात वायर सुटून आली की पुढचं काही बोलायला जागा राहत नाही.

केसिंगचं कोपऱ्यावरचं कटिंग ४५ अंशात, हॅक्सॉने, खूण करून. सूतदोरी मारल्याशिवाय स्क्रू मारू नका. एवढं पुरे, यात डोकं कमी आणि सराव जास्त.

आता सप्लायआधीचं टेस्टिंग. सप्लाय जोडलेला नाही, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बंद आहे, बल्ब काढून ठेवला आहे, असं असताना मीटर बझरवर घ्या. एक प्रोब न्यूट्रल लिंकवर (सगळ्या न्यूट्रल वायर जिथे एकत्र येतात त्या पट्टीवर), दुसरा होल्डरच्या न्यूट्रल टर्मिनलवर. बटन कसंही असो, आवाज आलाच पाहिजे. बटन दाबल्यावर आवाज बंद झाला तर तुमचं बटन न्यूट्रलमध्ये बसलंय. मग एक प्रोब एमसीबीच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर आणि दुसरा होल्डरच्या फेज टर्मिनलवर: इथे बटनाबरोबर आवाज चालू-बंद झाला पाहिजे. शेवटी फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ बघा, तिथे आवाज यायला नको. बल्ब काढायला लावते याला कारण आहे. थंड फिलामेंटचा रोध थोडासाच असतो, त्यातून फेज-न्यूट्रल जोडल्यासारखं भासतं. आणि एलईडी बल्बमधून मीटरला काही कळतच नाही.

मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) हातात दिला की मुलं गडबडतात, म्हणून हे नीट समजून घ्या. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्टचा मेगर. अर्थशी इन्सुलेशन बघताना फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडायचे, बटनं चालू, साधे बल्ब जागेवर, मेन बंद. फेज आणि न्यूट्रल यांच्यामधलं बघताना बटनं चालूच, पण बल्ब, पंखा, सगळं काढलेलं. नाहीतर मेगर फिलामेंटमधून शून्य दाखवतो आणि तुम्ही शॉर्ट शोधत बसता. एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन्ही वेळा काढायचे. उत्तर किमान १ मेगाओहम हवं. खिशातला साधा टेस्टर या कामाला पुरत नाही. त्यातला निऑनचा दिवा शेजारच्या वायरमुळे आलेल्या नुसत्या इंड्यूस्ड व्होल्टेजवरही मिणमिणतो.

व्हायवाला पुस्तक उलथंपालथं करायची गरज नाही, पण काही आकडे जिभेवर हवेत. लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट. पॉवरच्या सर्किटवर २ सॉकेट, ३००० वॉट. माणसाच्या बचावासाठीची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरची. अर्थिंगची प्लेट ६० बाय ६० सेंटिमीटर, तांब्याची असेल तर ३.१५ मिलिमीटर जाड आणि जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) ६.३. आणि शॉक लागलेल्याला आधी काय कराल? ‘सीपीआर देईन’ असं घाईघाईने सांगू नका. आधी सप्लाय बंद, तो जमला नाही तर कोरड्या लाकडाने त्याला वेगळं करायचं, मग श्वास बघायचा, आणि श्वास नसेल तर ३० दाब आणि २ श्वास.

परीक्षेच्या दिवशी हातातलं कडं, अंगठी, बांगड्या घरी. ओढणी मागे बांधा, केस वर. रबर सोलचे बूट घाला. चप्पल घालून आलेल्याला मी आत घेत नाही. पक्कड, डिस्मिस (स्क्रू ड्रायव्हर) आणि स्ट्रिपर स्वतःचे आणा, कारण स्टोअरची पक्कड तुमच्या आधी किती जणांनी हातोडी म्हणून वापरली असेल याचा नेम नाही.

सगळं टेस्ट झालं की परीक्षकांना विचारूनच सप्लाय घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य, हे वाचून कागदावर लिहा. एमसीबी पडला तर लगेच वर ढकलू नका. मेन बंद करा, ‘सर, ट्रिप झालाय, शोधतो’ असं मोठ्याने सांगा आणि पुन्हा बझरवर या. दोष शोधताना बघितलेल्या मुलाला परीक्षक सहसा नापास करत नाहीत. तीनदा एमसीबी ढकलणाऱ्याला करतात. काम दाखवून झालं की मेन बंद करून मीटरवर खात्री करा, तांब्याच्या तारांचे तुकडे टेबलावरून गोळा करा आणि मगच बोर्डापासून बाजूला व्हा.